तिसरा गट

चांगुणाच्या रागाला लातुरातली क्लासची पोरं टरकून असायची. तिची मेस होती. नीटच्या परीक्षेला बसलेली दाढी न फुटलेली पोरं तिच्याकडं दोन वेळ जेवायची आणि दोन वेळ शिव्या खायची. कुणी भाकरी अर्धी टाकून उठलं की ती भांड्यांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायची, “डॉक्टर हुण्याआधी माणूस हो की रे मुडद्या! ज्वारी काय तुझ्या बापानं हवेत पिकवली का?” पोरं मान खाली घालून उरलेली भाकरी संपवायची, आणि दुसऱ्या दिवशी परत तिच्याच दारात हजर. बाहेर कितीही पोळी-भाजी मिळाली तरी चांगुणाआक्काच्या हातची पातळ भाकरी आणि शेंगाची चटणी मिळत नव्हती ना!

त्या वर्षी थंडी पडली तशी मात्र आक्का कुणावर चिडेना. पोरंच घाबरली, म्हणाली, आक्काला काहीतरी झालंय. झालं काहीच नव्हतं. मेसच्या वरची खोली तिनं रिकामी करून घेतली होती, तिला चुना दिला होता, एक लोखंडी कॉट आणून टाकली होती. तिचा मल्लेश घरी येणार होता.

मल्लेश म्हणजे सगळ्यात धाकटा भाऊ. आव्वा, म्हणजे आई, गेली तेव्हा तो रांगत होता. चांगुणानं त्याला काखेत मारून वाढवलं, आणि मधल्या सिद्धलिंगला बोटाला धरून. तिचं लग्न झालं तेव्हा मल्लेश गाडीमागं रडत धावला होता. नवरा वारल्यावर ती लातुरात येऊन मेस चालवायला लागली. शेत सिद्धलिंगानं सांभाळलं, शिरूर अनंतपाळच्या अलीकडं, त्यांच्या गावी. आणि मल्लेशच्या डोक्यात आवाज बोलायला लागले.

गिरणीवाला भुजंग पिठात विष कालवतो, असं ते आवाज सांगायचे. घरच्यांनी उतारे टाकले, अंगारे लावले, आणि दवाखाना सोडून सगळं केलं. एका सकाळी मल्लेशनं गिरणीतलाच लोखंडी दांडा उचलून भुजंगच्या डोक्यात घातला. भुजंग दवाखान्यात काही दिवस काढून वारला. मागं बायको आणि दोन लेकरं राहिली. कोर्टानं निकाल दिला, की हा माणूस शुद्धीत नव्हता, याला गुन्हेगार म्हणता येत नाही. पण मोकळाही सोडता येत नाही. डॉक्टर बरा म्हणतील आणि घरचं कुणी जबाबदारी घेईल, तोवर नांदेडजवळच्या मनोरुग्णालयात ठेवा.

तिथं गोळ्या चालू झाल्या आणि आवाज बंद झाले. मल्लेश परत मल्लेश झाला. तिथल्या बागेला पाणी घालायचा, दुसऱ्या रुग्णांची दाढी करून द्यायचा. शुद्धीवर आल्यावर भुजंगच्या नावानं तो इतका रडला होता, की चांगुणाला वाटलं, हा आजारीच बरा होता.

त्याच रुग्णालयात सुकन्या मॅडम आल्या. पुण्याच्या, तरुण, बोलायला गोड. अशा रुग्णांचा अभ्यास त्या करत होत्या. चांगुणा भेटीला गेली की तिला खुर्ची द्यायच्या, चहा मागवायच्या. आजवर त्या इमारतीत कुणी तिला बस म्हटलं नव्हतं, त्यामुळं बाई तिला पहिल्या दिवसापासून आवडल्या.

“ताई, आतापर्यंत यांना सगळ्यांना एकाच मापानं मोजलं जायचं,” मॅडमनी समजावून सांगितलं. “एकदा खून केला, म्हणजे पुन्हा करणारच. पण तसं नसतं. आम्ही यांचे गट पाडतोय. पहिल्या गटातल्यांच्या हातून जे घडलं ते निव्वळ आजारामुळं. गोळ्या चालू राहिल्या, घरी लक्ष द्यायला माणूस असलं, की पुन्हा तसं व्हायची भीती फार कमी. दुसऱ्या गटात आजारासोबत दारू, गांजा. आणि तिसऱ्या गटातले लोक आजाराच्या आधीपासूनच तसे असतात. लहानपणी आगी लावलेल्या असतात, जनावरांचे हाल केलेले असतात. आजार बरा झाला तरी त्यांची भीती उरतेच.”

“आमचा मल्लेश पहिल्यात. लिहून टाका.”

मॅडम हसल्या. “असं कसं लिहिता येईल? लहानपणाची चौकशी करावी लागते. घरच्या दोघांना विचारायचं, शक्य झालं तर गावी जाऊन.”

“मग येळवसला या!” चांगुणा खुर्चीतून उठलीच. “तवा आख्खं घर शेतात असतंय. बघा तरी आमी कसली माणसं हाव ते.”

आता येळवस म्हणजे काय, हे लातूरकडच्या माणसाला सांगायचं म्हणजे माशाला पाणी दाखवायचं. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गावंच्या गावं रिकामी होतात. लातूर शहरात दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळे रानात. कडब्याची कोप उभारायची, आत पांडवांची पूजा मांडायची, आणि ओळखीचा असो नसो, बांधावरून जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. वाढणारा थांबत नाही आणि जेवणाऱ्याला उठू देत नाहीत.

सुकन्या मॅडम आल्या. आंबिलीचा पहिला घोट घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले, मग स्वतःच गाडगं पुढं केलं. भज्जी, उंडे, तिळाची पोळी, खीर. सिद्धलिंगाची पोरगी पुनम लाजत लाजत वाढत होती. तिचं नुकतंच ठरलं होतं, रेणापूरला. सिद्धलिंग पागोटं सावरत मॅडमच्या पुढं मागं करत होता. चांगुणाचा ऊर भरून आला. असं घर बघितल्यावर कोण म्हणेल, मल्लेशला पाठवू नका?

जेवण झाल्यावर कोपीच्या सावलीत मॅडमनी विचारायला सुरुवात केली. शाळा, खेळ, भांडणं. मग म्हणाल्या, “लहानपणी कधी आग लावली होती का त्यानं?”

चांगुणा खळखळून हसली. “आग? आवो, आग म्हंजे मल्लेशच! चड्डीचं बटन लावता येत नव्हतं तवापसून ह्योच पेटवायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. जाळ घिऊन आख्ख्या रानातनं पळायचा. आप्पा मागनं बोंबलायचे, आन ह्यो काय थांबतोय! एका साली तर कोपच पेटवून दिली मेल्यानं. लई मारलं आप्पानं, पर दुसऱ्या साली पुन्ना तेच!”

ती हेंडग्याबद्दल बोलत होती. येळवसच्या संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून, आरोळ्या ठोकत, हरभऱ्या-ज्वारीच्या पिकाभोवती फिरवायची; कीड जाते, थंडी पळते. घरातलं सगळ्यात धीट पोरगं तो जाळ धरतं, आणि आई-बहिणी त्याचं कौतुक वर्षभर सांगतात. हेंडगा ठाऊक नसलेलं माणूस जगात असेल, हे चांगुणाच्या डोक्यातही आलं नाही. मुंगीला साखर सांगावी लागते का?

मॅडम लिहीत होत्या. सिद्धलिंग आंबिलीचं गाडगं घेऊन जवळच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. एकदा मॅडमच्या तोंडाकडं बघितलं, एकदा बहिणीकडं.

मेसला बाहेरगावची पोरं उपाशी राहिली असती, म्हणून चांगुणा दुपार कलताच निघाली. जाताना भावाला म्हणाली, “सिद्धू, मॅडमला हेंडगा दाखिवल्याबगर जाऊ दिऊ नको बरं का.”

“हाव, आक्का. तू जा निवांत,” सिद्धलिंग म्हणाला.

आणि ती निवांत गेली.

शिमगा झाला आणि रुग्णालयातून फोन आला, येऊन जा. चांगुणानं मल्लेशसाठी नवा शर्ट घेतला, निळ्या चौकड्यांचा, आणि लोह्यावरून जाणारी एसटी धरली. रस्ताभर तिच्या डोक्यात एकच, आल्या आल्या त्याला काय करून घालावं.

सुकन्या मॅडमनी खुर्ची दिली, पण चहा मागवला नाही. “ताई, मल्लेश तिसऱ्या गटात गेलाय. सध्या त्याला घरी सोडावं असं आम्हाला कोर्टाला कळवता येणार नाही.”

चांगुणाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा राग, जो सगळी थंडी दडून बसला होता, तो एकदम उसळला. “तिसऱ्या? कुणाच्या बापानं घातलं तिसऱ्यात? तुमीच म्हणला हुता, निस्ता अभ्यास हाय!”

“तेव्हा अभ्यासच होता. आता रुग्णाला सोडायचं का ते ठरवणारं बोर्ड आमचा गट विचारल्याशिवाय पुढं जात नाही. तिसऱ्या गटातले बरेच जण बाहेर गेल्यावर पुन्हा...”

“ते बरेच जण माझे भाऊ हायत का? दुसऱ्याचं पाप माझ्या मल्लेशच्या कपाळी का मारता?”

“ताई, आगीचं तुम्हीच सांगितलंत ना?”

“कसली आग?”

मॅडमनी तिचंच बोलणं तिला वाचून दाखवलं. जाळ घेऊन पळायचा, कोप पेटवली, मार खाऊन पुन्हा तेच.  चांगुणानं कपाळावर हात मारून घेतला. “आगं माय! आवो बाई, हेंडगा हाय तो हेंडगा! येळवसचा! त्या दिवशी संध्याकाळी बघितला की तुमी.”

“नाही बघितला. तुमच्या भावानं चारलाच गाडीत बसवलं मला. म्हणाले, अंधारात रस्ता चांगला नाही.”

चांगुणानं हेंडगा समजावून सांगितला. मॅडमचं तोंड उतरलं. बाई प्रामाणिक होत्या. चूक झाली म्हणाल्या, आगीचं मी काढून टाकते म्हणाल्या. पण लगेच थांबल्या. “पण ताई, मी तुमच्या भावाला निघताना विचारलं होतं, आगीचं खरं का म्हणून. ते म्हणाले, खरं आहे, आम्हाला भीती वाटायची. आणि बैलाचंही त्यांनीच सांगितलं.”

“कुठला बैल?”

“मल्लेशनं लहानपणी काठीनं बैलाचा डोळा फोडला, तो.”

चांगुणाला बैल आठवला. ढवळ्याचा डोळा फुटला त्या दिवशी ती माहेरपणाला आली होती. डोळा फोडला सिद्धलिंगानं, बैल बसला म्हणून चिडून. मल्लेश तेव्हा दुसरी-तिसरीत होता. आप्पा चाबूक घेऊन आले तेव्हा आपल्या आण्णाला, सिद्धलिंगाला, मारतील म्हणून हे एवढंसं पोरगं पुढं झालं आणि “मी मारलं” म्हणालं. पाठ फुटेपर्यंत मार खाल्ला त्यानं. सिद्धलिंग दाराआड उभा राहून बघत होता. नंतर सगळं उघड झालं, आप्पा मल्लेशला मांडीवर घेऊन रडले. आणि आज तोच बैल सिद्धलिंगानं परत मल्लेशच्या गळ्यात बांधला! आपलेच दात नि आपलेच ओठ, म्हणतात ते काय खोटं नाही.

“मी मल्लेशला पुन्हा विचारते, तुमच्यासमोर,” मॅडम म्हणाल्या. “तो नाही म्हणाला, तर मी बोर्डापुढं उभी राहून सांगेन. परवा या.”

दुसऱ्या दिवशी चांगुणा गावी गेली. सिद्धलिंगाच्या अंगणात बायका शेवया करत होत्या, लग्न जवळ आलं होतं. तिनं त्याला हाताला धरून गोठ्यात नेलं.

“ढवळ्याचा डोळा कुणी फोडला रे?”

सिद्धलिंगानं तोंड फिरवलं. “आक्का, हळू बोल. पावणे हायत.”

“पावण्यांनाच ऐकिवते! मी तुला भाकरी चारली रे ह्या हातानं. आन तू माझ्या मागारी केसानं गळा कापलास? मी माझ्या घरी नेणार हुते त्याला. तुझ्या दारात ठिवणार नव्हते!”

“लातूर काय परमुलूख हाय का?” सिद्धलिंगही आता चवताळला. “आज तुझ्या घरी, उद्या एसटीत बसला की हितं. गाव त्याचं बी हाय. भुजंगची बायकू रोज माझ्या दारावरनं पाण्याला जाते, आक्का. मान वर करून बघत न्हाई ती. तुला हे बघावं लागतंय का? तू लातुरात पोरं जेवू घालून राहिलीस, मी हितं मान खाली घालून राहिलोय.”

 भुजंगची बायको चांगुणाच्या डोळ्यांपुढं आली.

“रेणापूरवाल्यानी पहिल्या दिवशीच इचारलं,” तो म्हणाला. “तुमचा तो येडा भाऊ सुटणार हाय का? मी सांगितलं, न्हाई. डॉक्टरनंच लिवून दिलंय, तो जल्मभर सुटत नसतोय. तवा कुठं त्यांनी सुपारी फोडली.”

“जल्मभर?”

“पुनम तुझी बी हाय ना?”

“आन मल्लेश कुणाचा हाय रे?” चांगुणाचा आवाज फाटला. “उद्या मॅडम त्यालाच इचारणार हायत. तो सांगल खरं. मग तुझं तोंड कुठं लपिवतोस बघते!”

सिद्धलिंगानं गव्हाणीतला कडबा उगाच सारखा केला. “इचार की त्यालाच,” तो म्हणाला. तेवढंच म्हणाला, आणि पाहुण्यांकडं निघून गेला. चांगुणा तिथं पाणीही न पिता परत फिरली.

सकाळी मल्लेश आला तेव्हा अंघोळ करून, भांग पाडून आला होता. चांगुणाला बघून त्याचं तोंड फुललं. निळ्या चौकड्यांचा शर्ट बघून आणखी फुललं. त्यानं तो उलगडून छातीला लावून बघितला. मॅडमनी त्याला समोर बसवलं.

“मल्लेश, लहानपणी तुमच्या ढवळ्या बैलाचा डोळा कुणी फोडला होता? खरं सांग. तुला कुणी रागावणार नाही.”

मल्लेशनं चांगुणाकडं बघितलं आणि हसला. “मीच,” तो म्हणाला.

“आरं मल्लेशा!” चांगुणा ओरडली. “काय बोललालास तू? सिद्धूनं फोडला!”

“मीच फोडला, मॅडम. आक्काला ठाऊक न्हाई.”

तेवढ्यात बाहेरून मॅडमना कुणीतरी हाक मारली. त्या गेल्या तशी चांगुणानं भावाचा दंड धरून गदागदा हलवला. तो तिच्या कानाशी लागला. लहानपणी चोरून गूळ खाल्ल्यावर सांगायचा तसं हळूच म्हणाला, “आण्णा आला हुता, आक्का. संक्रांतीच्या मागं. म्हणला, पुनमचं लगीन हुईस्तोवर तू आतच रहा. कुणी इचारलं तर बैलाचं हाव म्हण. लगीन झालं की मी सोता येऊन तुला घरी नितो. माझ्या डोक्यावर हात ठिवून म्हणला. तू कुणाला सांगू नको हां, म्हणला आक्काला तर मुळीच नको. लई चिडकी हाय.”

चांगुणानं त्याचा दंड सोडला. दार बाहेरून लावलं असतं तर तिनं धडका मारून तोडलं असतं. सिद्धलिंगानं कडी आतल्या माणसाच्या हातानं घालून घेतली होती.

मॅडम परत आल्या. चांगुणानं सगळं भडाभडा सांगितलं. मॅडमनी मल्लेशला विचारलं, हे खरं आहे का. तो मान हलवत राहिला. “आक्का काय बी बोलते. बैल मीच मारला.” दिलेला शब्द पाळणारं पोरगं जसं ताठ बसतं, तसा तो ताठ बसला होता. त्या खोलीत सगळ्यात शहाणा तोच वाटत होता.

“ताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे,” मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या. “पण भाऊ सांगतो आणि हा स्वतः कबूल करतो. बोर्डापुढं मी काय सांगू? गट तोच राहील.” आणि त्या दोघांना सोडून बाहेर गेल्या.

चांगुणा भावासमोर बसली. त्याला सांगायला तिला नको वाटत होतं. पण न सांगता तो सुटत नव्हता. “आयक मल्लेशा. आण्णा येणार न्हाई. त्यानं रेणापूरवाल्याला सांगितलंय, मल्लेश जल्मभर सुटत न्हाई. त्यावर सुपारी फुटली हाय. त्यानं तुला फशिवलं रे.”

मल्लेशनं सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या हातावर हात ठेवला. आजारी माणसाची समजूत काढावी तसा म्हणाला, “आक्का, तू चिडलीस की काय बी बोलतीस. लहानपणी मी त्याच्यासाठी मार खाल्ला हुता, आठवतंय का? त्यो इसरंल का ते? आण्णा असं करत नसतोय.”

  मल्लेश तिच्यावर नाही, सिद्धलिंगावर विश्वास ठेवत होता.

भेटीची वेळ संपली. मल्लेशनं शर्टाची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी तिच्या हातात दिली.

“हितं मळंल. आण्णाकडं दे. लगीन झाल्यावर मला न्यायला येताना घिऊन ये म्हणावं, त्योच घालून येतो घरी. आन येळवसचा हेंडगा ह्या साली मीच धरणार हाय, ते बी सांग. देतीस ना, आक्का?”

“देते,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा चांगुणा त्याच्याशी खोटं बोलली.